वासा जहाजाचं लाकडी मॉडेल: नाळेकडे (पुढच्या टोकाकडे) पट्ट्या एकमेकींवर चढतायत

प्रश्न:
स्वीडनच्या वासा जहाजाचं १:७५ मॉडेल करतोय, सांगाड्यावर लाकडी पट्ट्यांचा पहिला थर चालूय. मध्ये मस्त बसल्या पण नाळेकडे वळताना कड उचलली जाते आणि एक पट्टी दुसरीवर चढते. काय करू? आणि वरचा भाग निळा रंगवायचा की लाल?

उत्तर १:
अरे पट्टी पूर्ण रुंदीची ठेवलीस तर चढणारच, जहाज मध्ये फुगीर आणि टोकाला निमुळतं, मग तेवढ्याच पट्ट्या पुढे कमी जागेत मावणार कशा? प्रत्येक फ्रेमची (सांगाड्याच्या आडव्या फासळीची) कड कागदाच्या पट्टीने मोज, पट्ट्यांच्या संख्येने भाग, तिथली रुंदी मिळते, तेवढं तासून घे. निम्म्याहून बारीक मात्र करू नकोस, टोक चिरतं, तिथे दोन पट्ट्यांची एक कर. पुढच्या फ्रेमच्या कडांना उतार दिलायस ना? पट्टी पूर्ण टेकली पाहिजे, नुसत्या धारेवर नको.

उत्तर २:
वरचं बरोबर. गरम पाण्यात भिजवून वळव, क्लिपा लावून पूर्ण वाळू दे आणि मगच ग्लू, ओली चिकटवलीस तर आकसून फट पडते. डावी-उजवी आळीपाळीने लाव नाहीतर सांगाडा पिळतो.

उत्तर ३:
रंग लालच! १६२८ ला पहिल्याच सफरीत बुडालेलं हे जहाज १९६१ ला वर काढलं, तेव्हा निळं समजायचे म्हणून जुनी मॉडेलं निळी दिसतात, पण नंतर लाकडावरचे रंगाचे कण तपासले तर लाल निघालं. स्टॉकहोमच्या म्युझियममधल्या १:१० मॉडेलचे फोटो बघच, त्यावरची रंगीत शिल्पं काय सुंदर आहेत!

प्रश्नकर्ता:
उतार कमीच होता, आज घासतो. आणि लाल फायनल 🙏