अनुभव धागा: बाहेर बंदी, खोलीत धूर

आमच्या सोसायटीच्या जिन्यात परवा पाटी लागली, 'जिन्यात धूम्रपान करू नये.' चौथ्या मजल्यावर भाड्याने राहणाऱ्या पोरांसाठी आहे, हे सगळ्यांना माहीत. ती वाचली आणि सदाशिव पेठेतली खोली आठवली.

२००८ साल. कॉट बेसिसवर चौघं. २ ऑक्टोबरपासून सार्वजनिक ठिकाणी ओढायला बंदी आली, दंड २०० रुपयांपर्यंत. तोवर चहा-सिगारेट कोपऱ्यावरच्या हॉटेलात व्हायची. मालकाने गल्ल्यावर पाटी लावली, टेबलांवरचे ॲशट्रे उचलले आणि मी सिगारेट घेऊन खोलीवर यायला लागलो. खिडकी एकच, बोळात उघडणारी. कॉटखाली दूध पावडरचा डबा, तळाशी पाणी.

चौघांत एक लातूरचा मित्र होता, दम्याचा. कधी बोलला नाही, पांघरूण डोक्यावरून घ्यायचा. एका रात्री पंप शोधताना त्याच्या हाताने डबा उलटला आणि राखेचं पाणी त्याच्या एमपीएससीच्या नोट्सवर सांडलं. आमची झोप मोडू नये म्हणून त्याने दिवाही लावला नाही. पंप सापडेपर्यंत त्याची छाती वाजत होती. मी जागा होतो. उठलो नाही. हे आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

ओढणाऱ्यांनी लिहा, सोबत राहिलेल्यांनीही लिहा.

कर्वेनगरची पीजी
सहा मुली, त्यात एक ओढणारी. घरमालक काकूंना कळलं तर त्याच दिवशी सामान बाहेर आणि डिपॉझिट विसरा. टपरीवर मुलगा उभा राहिला तर कोणी वळून बघत नाही, ती उभी राहिली की अख्खा चौक बघायचा. म्हणून बाथरूममध्ये. बादलीत नळ मोठा सोडून, एक्झॉस्ट लावून. नंतर माझा नंबर अंघोळीचा, टॉवेलला वास. फार भांडले तिच्याशी. आता वाटतं, तिने जायचं तरी कुठे होतं?

वाकड
कुकर लावलाय, पटकन लिहितो. हिंजवडीत ऑफिसला होतो तेव्हा गेटबाहेर चालत जावं लागायचं, त्यामुळे दिवसाला दोनच व्हायच्या. २०२० ला घरून काम सुरू झालं. टू बीएचके, तिघं, एकच बाल्कनी. दोनाच्या बारा झाल्या. त्यात सप्टेंबरमध्ये राज्यात सुटी सिगारेट विकायला बंदी आली, मग पाकीटच आणायचो आणि घरात पाकीट असलं की संपतंच. एकदा ठिणगी खाली पडून दुसऱ्या मजल्यावरच्या आजींच्या वाळत घातलेल्या नऊवारीला भोक पडलं. पैसे द्यायला गेलो, घेतले नाहीत. "तुझी आई कुठंय रे?" एवढंच विचारलं. रडू आलं तिथे दारात.

दोन पोरांची आई
@वाकड डाळ आहे का? शिट्ट्या मोजताय ना? 🙂

वाकड
तूरडाळ. बंद केला, धन्यवाद ताई.

कमिटी मेंबर
कायदा २००३ चा, नियम २००८ चे. ऑफिस, हॉटेल, थिएटर त्यात येतात. ३० खोल्यांचं हॉटेल किंवा ३० जणांच्या बैठकीचं रेस्टॉरंट वेगळी स्मोकिंग रूम ठेवू शकतं. राहत्या घराच्या आतलं मात्र सोबत राहणाऱ्यांनीच एकमेकांशी बोलून ठरवायचं. आमच्या मीटिंगमध्ये यावर दोन तास गेले आणि पार्किंगचा विषय राहूनच गेला.

सिस्टर, रात्रपाळी
वास जावा म्हणून खोलीत अगरबत्ती लावतात, कृपया नका लावू. दमेकऱ्याला तो आणखी एक धूर. खिडकीत उभं राहून ओढली तरी धूर आत येतोच, गादी-पडद्यांत मुरतो. सोडायची असेल तर १८००-११२-३५६ ही सरकारी हेल्पलाइन आहे, फुकट आहे. माझ्या भावाने तिथूनच सुरुवात केली.

उदगीर
लातूरचा मित्र आता कसा आहे ते आधी सांगा हो.

सिंहगड रोड
+१. माझा रूममेट रोज खाली जाऊन ओढतो, पावसातही छत्री घेऊन. त्याला कधी थँक्यू म्हटलं नाही. आज म्हणतो. (आमच्याकडे एक कॉट रिकामी आहे, ब्रोकर नाही.)

धागाकर्ता
@उदगीर काल रात्री फोन केला. सरकारी नोकरीत आहे, बरा आहे. म्हणाला, नोट्स पंख्याखाली दोरीवर वाळवल्या होत्या, पानं पिवळी पडली पण अक्षर वाचता येत होतं. मग विचारलं, "सोडलीस का?" २०१४ ला सोडली, मुलगी झाली तेव्हा. त्या रात्री जागा होतो, हेही सांगितलं. म्हणाला, "माहीत होतं. तुझं घोरणं थांबलं होतं."

संध्याकाळी चौथ्या मजल्यावर जाऊन येतो. गच्चीची किल्ली माझ्याकडेच असते.

कर्वेनगरची पीजी
जाच. आणि त्यांच्यात कोणी दम्याचा आहे का तेही विचारा.

दोन पोरांची आई
@सिंहगड रोड, भाचा येतोय जूनमध्ये. व्यक्तिगत निरोप (व्यनि) केलाय, बघा.