आबाजीचा यशिका मॅट, लेन्समदी बुरशी

दर्यापूरवाला: राजेहो, आबाजीचा जुना रोलवाला कॅमेरा, यशिका मॅट १२४जी, माळ्यावर सापडला, चामड्याच्या कव्हरात होता, बाहेरून चकाचक पण लेन्समदी जाळ्यावानी बुरशी, अन् शटर (उजेड आत सोडणारी झडप) १/५०० सेकंदावर बरोबर वाजते पण १ सेकंदावर अडकूनच राह्यते. काय करू?

वऱ्हाडी_फोटू: पहिले ते कव्हर फेक भाऊ, पावसाळ्याची सारी ओल त्यातच मुरते. शटरचं म्हणशील तर जुनं ग्रीस घट्ट झालं असन. तेल टाकू नको बरं! मी टाकलं होतं, शटरच्या पात्यांवर पसरलं अन् बसलो बोंबलत. चांगल्या घड्याळवाल्याकडून साफ करून घे. बुरशी थोडी राह्यली तरी चालते, फक्त उन्हाकडं तोंड करून काढला तर फोटू धुरकट येते.

आर्वीकर: उजेड मोजायच्या मीटरचा १.३५ व्होल्टचा पाऱ्याचा सेल आता बनत नाई, पण शटर मेकॅनिकल हाय, बिना सेलचं चालते. आपल्या उन्हात मीटर कायले पाह्यजे, १०० आयएसओची फिल्म, लेन्सचं छिद्र एफ १६ वर, शटर १/१२५ सेकंदावर, झालं. यात लागणाऱ्या १२० नंबरच्या रोलवर १२च फोटू निघतात, अन् रोल मे महिन्यात गाडीच्या डिक्कीत ठेवू नको.

दर्यापूरवाला: घड्याळवाल्याकडं नेतो उद्या. कव्हर फेकलं तर आजी मलेच फेकन 😅