मदत हवी आहे: एसआरएसएफ-२ कमी केलं की आरएनएच घटतो. दोष स्प्लायसिंगचा की ट्रान्सक्रिप्शनचा?

मंडळी, दोन आठवडे एकाच जेलच्या फोटोकडे बघत बसलेय. शेवटी इथे विचारते.

विषय एसआरएसएफ-२, जुनं नाव एससी-३५. जनुकावरून आरएनए लिहिला जातो ते ट्रान्सक्रिप्शन; मग त्यातले इंट्रॉन नावाचे तुकडे कापून एक्झॉन जोडले जातात ते स्प्लायसिंग. हे प्रोटीन एक्झॉनमधल्या ठरावीक अक्षरजुळणीला, म्हणजे सीसीएनजी किंवा जीजीएनजीला, चिकटतं आणि 'हा तुकडा ठेवा' अशी खूण स्प्लायसिंगच्या यंत्रणेला देतं. इथवर पुस्तकात आहे. मी एसआयआरएनएने (जनुक गप्प करणाऱ्या छोट्या आरएनएने) ते कमी केलं, म्हणजे नॉकडाउन, ७२ तासांनी आरएनए काढला, आरटी-पीसीआर (आरएनएची डीएनए प्रत करून ती वाढवणं) लावला आणि जेलवर लांबीनुसार बँड पाहिले. एका जनुकात वरचा बँड फिका पडला आणि बरोबर एक्झॉनच्या लांबीइतका खाली नवा बँड उमटला. एक्झॉन गळाला! त्या दिवशी फोटो घेऊन लॅबभर फिरले.

गोची पुढे आहे. तुलनेला घेतलेल्या दोन जनुकांचे बँड जागचे हलले नाहीत, पण क्यूपीसीआरमध्ये (प्रमाण मोजणाऱ्या पीसीआरमध्ये) त्यांचा आरएनए जवळपास निम्म्यावर आलाय. तीनदा केलं, तिन्ही वेळा तेच. गाईड म्हणतात, 'ट्रान्सक्रिप्शन घटलं, लिहून टाक.' माझं मन घेत नाही. आरएनए कमी दिसला म्हणजे कमी बनला, की बनून लगेच मोडला? हे वेगळं कसं करायचं?

आणखी एक. एससी-३५ च्या अँटिबॉडीने रंगवल्यावर केंद्रकातले ठिपके जसेच्या तसे चमकतायत. मग नॉकडाउन झालंच नाही असं समजायचं का? वेस्टर्नमध्ये (प्रोटीन किती आहे ते दाखवणाऱ्या चाचणीत) दुसऱ्या अँटिबॉडीने तर प्रोटीन स्पष्ट कमी दिसतंय.

प्रतिसाद

ठिपक्यांचं आधी सांगतो, कारण त्यात माझे सहा महिने गेलेत. ती अँटिबॉडी मुख्यत्वे एसआरएसएफ-२ ला धरतच नाही. २०२० मध्ये दाखवलं गेलं की तिचं खरं लक्ष्य एसआरआरएम-२ आहे, एक भलंमोठं प्रोटीन, सुमारे ३०० किलोडाल्टनचं. नाव मात्र ३५ चं! तेव्हा ठिपके राहणारच. तुमच्या वेस्टर्नवर विश्वास ठेवा.

आता मुख्य प्रश्न. गाईड चूक आहेत असं नाही, पण घाई करतायत. एसआरएसएफ-२ ट्रान्सक्रिप्शनमध्ये खरोखर हात घालतं. आरएनए लिहिणारं एन्झाइम पॉलिमरेज-२ जनुकाच्या सुरुवातीला वीस ते साठ अक्षरं लिहून थबकतं. त्याला पुढे सोडणारं एन्झाइम पी-टीईएफबी हे ७एसके नावाच्या आरएनएपाशी बांधून ठेवलेलं असतं. २०१३ च्या कामातून पुढे आलेलं चित्र असं: एसआरएसएफ-२ तिथेच दबा धरून असतं, नुकत्याच बाहेर आलेल्या आरएनएवर आपली खूण दिसली की तिकडे झेप घेतं, त्या ओढाताणीत पी-टीईएफबी मोकळं होतं आणि त्यातलं सीडीके-९ पॉलिमरेजच्या शेपटीवर फॉस्फेट लावतं. गाडी सुटली. म्हणजे एक्झॉन निवडणारी खूण आणि पॉलिमरेज सोडवणारी खूण एकाच जातीची. मला हे अजून थोडं अचंबित करतं.

पण तुमच्या प्रयोगातून हे सिद्ध होत नाही. तुमचे प्रायमर (पीसीआर कुठल्या तुकड्याची ते ठरवणारे डीएनएचे छोटे तुकडे) एकाच एक्झॉनभोवती आहेत. दुसरीकडे कुठे विषारी एक्झॉन शिरला, त्यामुळे अकाली स्टॉप कोडॉन (प्रोटीन बनणं थांबवणारी खूण) आला, तर एनएमडी, म्हणजे सदोष आरएनए मोडणारी पेशीची यंत्रणा, तो आरएनए खाऊन टाकते आणि जेलवर काहीच दिसत नाही. एसआरएसएफ-२ मधल्या पी९५एच या बदलाने ईझेडएच-२ जनुकाचं नेमकं हेच होतं. सायक्लोहेक्झिमाइड काही तास देऊन बघा. त्याने भाषांतर (आरएनएवरून प्रोटीन बनणं) थांबलं की एनएमडीही थांबते, लपलेला बँड वर येतो.

प्रतिसाद

वरच्यांशी सहमत. नवा आरएनए मोजायचा तर ४-थायोयुरिडीन (नव्याने बनणाऱ्या आरएनएत शिरणारी खूण) दहा मिनिटं द्या आणि खूण लागलेलाच आरएनए वेगळा काढा. इंट्रॉनवर प्रायमर ठेवून काम भागवतात बरेच जण, मीही केलंय, पण इथे ते फसवं आहे: स्प्लायसिंग मंदावलं तरी इंट्रॉन साचतो, आणि ट्रान्सक्रिप्शनची घट त्यात झाकली जाते.

७२ तासांबद्दलही शंका आहे. एसआरएसएफ-२ गेलं की पेशी जी-२/एम ला, म्हणजे विभाजनाच्या उंबरठ्यावर, अडकतात. मग अर्धी जनुकं त्यापायीच बदलतात. ऑक्झिन डेग्रॉन (ऑक्झिन दिलं की ठरावीक प्रोटीन मोडण्याची सोय) जमत असेल तर प्रोटीन तासाभरात काढून बघता येईल. नाहीतर निदान २४ तासांचा नमुना घ्या.

धागाकर्ती

दोघांचेही आभार. सायक्लोहेक्झिमाइड देऊन बघितलं, प्रायमर बाकीच्या एक्झॉनवरही नेले. तुलनेच्या दोन जनुकांपैकी पहिल्यात वर एक फिका बँड आला, आधी कधीच दिसला नव्हता. म्हणजे त्याचं ट्रान्सक्रिप्शन वगैरे काही नाही, एनएमडीच होती. दुसरं मात्र हललं नाही, निम्म्यावरच आहे. त्याच्यासाठी थायोयुरिडीन मागवलंय. तोवर हौस म्हणून इंट्रॉनचे प्रायमर लावलेच, तर आरटी (आरएनएची डीएनए प्रत करणारं एन्झाइम) न घातलेल्या नळीतही सिग्नल. डीएनए राहिलाय. डीएनएज (डीएनए मोडणारं एन्झाइम) वापरून सफाई पुन्हा करते आणि मग कळवते.