नॉर्दर्न लाइट्ससाठी मदत हवी आहे: नवी बॉडी घेऊ की मोठ्या ॲपर्चरची लेन्स?

नमस्कार. फेब्रुवारीत बाबांना घेऊन नॉर्वेतल्या ट्रॉम्सोला आणि तिथून स्वीडनमधल्या आबिस्कोला जाते आहे. बाबांनी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला. ध्रुवीय प्रकाश (ऑरोरा) कितीतरी वर्गांना समजावून सांगितला, पण स्वतः कधी पाहिला नाही. त्यामुळे मला नुसतं हिरवं आकाश नको आहे. त्या आकाशाखाली उभे असलेले बाबा हवेत, चेहरा ओळखू येईल असे.

माझ्याकडे सोनी ए६४०० आहे, सोबत आलेली १६-५० किट लेन्स (१६ मिमीला एफ/३.५; एफचा आकडा जितका लहान तितका जास्त उजेड आत येतो) आणि एक हलका ट्रॅव्हल ट्रायपॉड. मोठी खरेदी एकच करता येईल. एक तर वापरलेली फुलफ्रेम (मोठ्या सेन्सरची) बॉडी, म्हणजे नुसता कॅमेरा, आणि तिच्यासोबत एफ/४ ची झूम, नाहीतर आहे त्या बॉडीवर १६ मिमी एफ/१.४. किट लेन्सवर दहा-पंधरा सेकंदांचं एक्स्पोजर द्यावं लागेल असा माझा अंदाज आहे. थंडीवाऱ्यात सत्तरीचा माणूस तेवढा वेळ हलल्याशिवाय कसा उभा राहणार? शिवाय ऑरोरा जोरात नाचत असेल तर इतक्या वेळात त्याच्या घड्या पुसून जातात आणि नुसता हिरवा धूर उरतो, असं वाचलं आहे. बॉडी की लेन्स, एवढं आधी सांगा. थंडीची काय तयारी करावी, तेही सांगा. लेन्सवर यूव्ही फिल्टर कायम असतो, तो चालेल ना?

प्रतिसाद १

लेन्स. हिशेब करून बघा. एफ/३.५ वरून एफ/१.४ वर गेलात की सेन्सरवर सव्वासहा पट उजेड पडतो, म्हणजे अडीच स्टॉपहून जास्त फायदा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). फुलफ्रेम सेन्सरचं क्षेत्रफळ तुमच्या सेन्सरच्या साधारण सव्वादोन पट, पण त्यावर एफ/४ लावलीत की त्यातलाही काही फायदा जातो. या कामासाठी ए६४०० उत्तम आहे, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ३२०० बिनधास्त वापरा.

फिल्टर मात्र काढाच. ऑरोराचा हिरवा रंग ऑक्सिजनच्या अणूंपासून येतो आणि तो जवळजवळ एकाच तरंगलांबीचा, ५५७.७ नॅनोमीटरचा असतो. असा प्रकाश फिल्टरच्या सपाट काचेत मागे-पुढे परावर्तित झाला की फोटोच्या मधोमध एकात एक वर्तुळं उमटतात. कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर ती दिसत नाहीत आणि नंतर काढताही येत नाहीत.

प्रतिसाद २

लेन्स घ्या, हे मान्य. पण ताई, तुम्हाला माणूस फ्रेममध्ये हवा आहे, म्हणून १६ एफ/१.४ ऐवजी १२ मिमी एफ/२ घ्या असं मी आग्रहाने सांगेन. कारण फोकस.

ताऱ्यांवर फोकस लावला की १६ मिमी लेन्स एफ/१.४ वर साधारण नऊ मीटरच्या पुढचंच शार्प दाखवते. बाबांना तेवढं लांब उभं केलंत तर चेहरा टिकलीएवढा दिसेल. जवळ आणलंत तर चेहरा धूसर पडेल. १२ मिमी एफ/२ वर हेच अंतर साडेतीन मीटरच्या आसपास येतं. म्हणजे बाबा चार मीटरवर उभे, मागे तारे आणि ऑरोरा, आणि सगळं एकाच फोटोत शार्प. किट लेन्सच्या तिप्पट उजेड तरीही मिळतोच. जिथे दहा सेकंद लागले असते तिथे तीन पुरतील, आणि तीन सेकंद श्वास रोखून कुणीही उभं राहू शकतं. आकाशही जास्त मावतं. ऑरोरा थेट डोक्यावर आला तर १६ मिमी अपुरी वाटायला लागते.

सॅमयांगची मॅन्युअल १२ एफ/२ सोनीच्या माउंटमध्ये येते. तिची फोकस रिंग खरीखुरी यांत्रिक आहे. स्क्रीनवरचं चित्र (लाइव्ह व्ह्यू) मोठं करून एखाद्या ठळक ताऱ्यावर फोकस करा आणि रिंगवर चिकटपट्टी लावून टाका. लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर विसंबू नका. इलेक्ट्रॉनिक रिंगच्या लेन्सवर चिकटपट्टीचा उपयोग नाही, कॅमेरा बंद करून चालू केला की फोकस जागचा हललेला असू शकतो. आणखी एक, मेनूमधलं लाँग एक्स्पोजर नॉईज रिडक्शन (लांब एक्स्पोजरमधले ठिपके काढणारी सोय) बंद ठेवा, नाहीतर प्रत्येक फोटोनंतर तेवढाच वेळ कॅमेरा अडकून बसतो.

प्रतिसाद ३

थंडीबद्दल लिहितो. ट्रॉम्सो इतकं उत्तरेला असूनही उबदार सागरी प्रवाहामुळे फार गोठत नाही, पण ढग खूप. आबिस्को डोंगरांच्या आड आहे. अटलांटिकवरून येणारं बाष्प पलीकडेच पडून जातं, त्यामुळे आकाश मोकळं मिळण्याची शक्यता जास्त. पण उणे वीसची तयारी ठेवा. बॅटऱ्या किमान चार घ्या, आतल्या खिशात अंगाला लागून ठेवा आणि विमानात हातातल्या बॅगेतच न्या. खोलीत परत येताना बाहेरच मेमरी कार्ड काढून घ्या आणि कॅमेरा पिशवीत हवाबंद करून मग आत आणा. पिशवी तासा-दोन तासांनी उघडा. थंड कॅमेरा थेट उबेत नेला तर लेन्सच्या आतसुद्धा दव धरतं.

खोल बर्फात ट्रायपॉडचे पाय पूर्ण फाकवून दाबू नका, सांध्यावर ताण येऊन मोडतात. थोडे मिटलेले ठेवून रोवा. केपीच्या (पृथ्वीच्या चुंबकीय हालचालीच्या, ० ते ९) आकड्याने घाबरू नका, त्या अक्षांशावर केपी दोनलाही छान दिसतो. रोज बघायचे ते ढग, आणि त्यासाठी नॉर्वेच्या हवामान खात्याचं संकेतस्थळ चांगलं आहे.

धागाकर्ती

मनापासून आभार. अंतराचा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता, १२ एफ/२ नक्की. आता एकच प्रश्न उरतो, चेहऱ्यावर उजेड कुठून आणू? फ्लॅश मारायचा नाही एवढं कळतं.

प्रतिसाद २

तारखा अजून हातात असतील तर अर्ध्या चंद्राच्या आसपासच्या घ्या. चंद्राचा उजेड बर्फावरून उसळून चेहऱ्यावर हलका पसरतो आणि ऑरोराही फिका पडत नाही. चंद्र नसेल तर अगदी मंद टॉर्च बाजूच्या बर्फावर क्षणभर फिरवा, चेहऱ्यावर थेट नको. आसपास इतर लोक फोटो काढत असतील तर आधी विचारा. आणि टोपी कपाळावरून थोडी मागे घ्यायला सांगा, नाहीतर डोळे सावलीत जातात.

धागाकर्ती

तारखा अजून पक्क्या नाहीत, आजच चंद्र बघून ठरवते. लेन्स आली की इथेच रात्री बाबांना चार मीटरवर उभं करून सराव करते आणि सेटिंग्ज या धाग्यावर टाकते, तेव्हा तपासून द्या.