जावेची तपासणी पॉझिटिव्ह आली. वेचनी झाल्यावर गेलं तर चालन का?

आर्वीकडची सून

नमस्कार. आमचं गाव आर्वी तालुक्यात. दिवाळीआधी आशाताई घरी येऊन ३० च्या वरच्या सगळ्यांचा फॉर्म भरून गेल्या. बीपी, शुगर, खर्रा खाता काय, अंगावरून पाणी जाते काय, सगळं विचारलं. मग पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) बायांचा कॅन्सर तपासणीचा कॅम्प झाला. तोंड, छाती आन गर्भपिशवीचं तोंड, असं तिन्ही तपासलं. मी ३४ ची, जाऊ ३८ ची, दोघी सोबतच गेलो. पिशवीच्या तोंडाचं माझं निगेटिव्ह निघालं, तिचं पॉझिटिव्ह. जिल्ह्याच्या दवाखान्यात जायची चिठ्ठी दिली, तिथं मशीनमधून मोठं करून पाहतात म्हणे.

आता इकडं कापसाची वेचनी जोरात आहे. घरचं वावर आटोपलं की जाऊ दुसऱ्याच्या वावरात किलोवर जाते. सासू म्हणते, दुखत नाही, खुपत नाही, कायले दवाखान्याच्या वाऱ्या करता? भासरे, म्हणजे जावेचा नवरा, काही बोलतच नाहीत. शेजारच्या बाईनं तर तिले कॅन्सरच झाला म्हणून सांगून ठेवलं. जाऊ दिवसा कापूस वेचते अन् रात्री रडते.

पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सरच का? संक्रांतीनंतर गेलं तर चालन का? आणखी एक, सासू ६१ ची आहे. तिची ही तपासणी केलीच नाही, पाळी जाऊन भल्ली वर्षं झाली म्हणून नको म्हणाल्या. म्हाताऱ्या बाईले हा रोग होत नाही का? अन् पोरगी १३ ची आहे, तिच्या लसीचंही सांगा.

बाळू हिंगणघाट

वैनी, पिशवीच काढून टाकायला सांगा. आमच्या मामीची काढली, कटकट मिटली. खाजगीत लवकर होते.

रिटायर नर्सबाई

बाळूभाऊ, तुमचा सल्ला वाचून डोकं फिरलं. माझी नोकरी यवतमाळ जिल्ह्यातल्या उपकेंद्रांत गेली आणि या "काढून टाका" पायी काय काय होतं ते मी पाहिलं आहे. तुकडा तपासल्याशिवाय पिशवी काढली आणि आत खरंच कॅन्सर निघाला, तर ते साधं ऑपरेशन अपुरं पडतं आणि पुढचा इलाज अवघड होऊन बसतो. कॅन्सर नसला तर चाळिशीच्या आतल्या बाईची पिशवी उगाच गेली. सोबत अंडाशयंही काढली असतील तर पाळी एकदम बंद, अंगाची आग, हाडं ठिसूळ. ती मजुरी मग कशी करणार?

आता सूनबाई, तुमचं. पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सर नव्हे. या तपासणीला व्हीआयए म्हणतात. पिशवीच्या तोंडाला पातळ ॲसेटिक ॲसिड लावतात आणि मिनिटभर थांबून पाहतात. बदललेल्या पेशी पांढऱ्या दिसतात. कधी नुसती सूज असली तरी पांढरं दिसतं, म्हणून तर पुढं पाठवतात. हे बदल होतात एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळं. बहुतेक बायांचं शरीर तो वर्षा-दोन वर्षांत आपोआप काढून टाकतं. ज्यांच्यात तो ठाण मांडून बसतो त्यांच्यातल्या काहींना पुढं रोग होतो, आणि त्याला साधारण १५ ते २० वर्षं लागतात. तोवर काहीच दुखत नाही. तुमच्या सासूबाई न दुखण्याचा हवाला देतात, पण दुखेपर्यंत थांबलं तर सोपा इलाज हातचा जातो.

जावेचा डाग साधा निघाला तर थर्मल करतात, म्हणजे गरम टोकाच्या यंत्रानं तेवढीच जागा शेकतात. भरती नाही, टाका नाही. मोठा किंवा शंका येणारा असला तर तुकडा काढून तपासतात.

संक्रांतीनंतर? आठवडा-पंधरवडा मागंपुढं झालं तर आभाळ कोसळत नाही. पण वेचनी झाली की तूर येते, तूर झाली की हरभरा, मग लग्नसराई. माझ्या रजिस्टरात तपासणीचा रकाना भरलेला असायचा आणि चिठ्ठी दिलेल्या बाईचं पुढं काय झालं हा रकाना कोरा. वरून विचारणा व्हायची ती किती बाया तपासल्या याची. सरकारचा नियम ३० ते ६५ वयात दर ५ वर्षांनी तपासणीचा आहे, पण २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ३० ते ४९ वयाच्या १०० बायांत जेमतेम दोघींनी ही तपासणी कधीतरी केली होती. त्या दोघींत तुमची जाऊ बसली, आणि आता तिला किलोमागच्या पैशांसाठी घरी ठेवता? उपकेंद्रातल्या सीएचओला (तिथल्या आरोग्य अधिकाऱ्याला) फोन करून तपासणारे डॉक्टर कोणत्या वारी बसतात ते विचारा. पाळी नसेल असा दिवस धरा. चिठ्ठी, आधार, रेशन कार्ड सोबत. आशाला घेऊन जा.

हे काम होतं का, तर होतं. मुंबईच्या वस्त्यांत दहावी शिकलेल्या बायांना शिकवून दर दोन वर्षांनी हीच तपासणी करवली, तर या रोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यातल्या खेड्यांत एकदाच एचपीव्हीची चाचणी केली तर मृत्यू जवळपास निम्मे झाले. तो अभ्यास २००९ साली छापून आला. ती चाचणी जास्त चांगली, पण आपल्या पीएचसीत अजून व्हीआयएच आहे. आहे ती तरी नीट वापरा.

सासूबाईंना रोग होऊ शकतो. पाळी गेल्यावर हे बदल होतात ती जागा आत सरकते, डोळ्यांनी दिसत नाही, म्हणून व्हीआयए करत नाहीत. त्यांच्यासाठी सेवाग्राम किंवा नागपूरच्या मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात पॅप (पेशी पुसून घेऊन तपासतात ती) नाहीतर एचपीव्ही चाचणीचं विचारा. आणि पाळी गेल्यानंतर रक्ताचा एक डाग दिसला, किंवा वास येणारं पाणी जाऊ लागलं, तर वेचनी बघू नका.

पोरीला एचपीव्हीची लस द्या. ९ ते १४ हे वय उत्तम. पुण्याच्या सीरमची लस २०२३ पासून आहे. डोस किती ते केंद्रावर सांगतील. लस घेतली तरी ३० नंतर तपासणी करावीच लागेल, कारण कॅन्सर करणारे सगळे प्रकार लशीत नाहीत.

केळापूरची मी

माझं थर्मल मागच्या साली झालं. पाळीत येते तशी कळ आली, मिनिटभरही नसंल. मग यष्टीनं घरी. पुढं तीन-चार हप्ते पाणी गेलं, नुसतं पाण्यासारखं. तेवढे दिवस नवऱ्यानं दूर राहायचं असते. हे डॉक्टरीणबाईले माणसाच्या तोंडावर सांगाले लावा, आपण सांगतलं तर बहाणा वाटते. वर्षानं पुन्हा पाहिलं, साफ होतं.

सावनेर

माझ्या मायला पाळी गेल्यावर रक्त जायचं, तिनं सुनेलाही सांगितलं नाही. कळलं तेव्हा ऑपरेशनच्या पलीकडं गेलं होतं. नागपूरला शेक (रेडिएशन) दिले, सोबत केमो. इलाज जनआरोग्य योजनेत झाला, पण माझी महिन्यावर मजुरी बुडाली, खोलीभाडं अन् डबा वेगळा. ताई, सासूला तुम्हीच विचारा. पोराजवळ ती बोलणार नाही.

आर्वीकडची सून

सगळ्यांचे आभार. नर्सबाईंचं लिहिलेलं भासऱ्यांना वाचून दाखवलं. बुधवारी डॉक्टर बसतात म्हणे, आशाताई सोबत येते. सासूले विचारलं तर आधी रागावली. मग म्हणाली, मले डाग-बिग काही नाही, पण तुम्ही जाऊनच राहिल्या तर मीही येतो, गुडघे दाखवतो. पोरीच्या लसीचं पीएचसीत विचारते.

नर्सबाई, एकच राहिलं. जावेची पाळीची तारीख बुधवारच्या आसपासच आहे. पाळी आली तर पुढचा बुधवार धरायचा, की तरी जाऊन नुसतं नाव टाकून यायचं?

रिटायर नर्सबाई

पुढचा बुधवार धरा. पण सीएचओला फोन करून तारीख बदलली म्हणून सांगा आणि वहीत लिहून घ्यायला लावा.