होमस्टेवाल्यांना बिल कधी द्यायचं? (बिलाचं ॲप फुकटातलं हवं)

खाडीकाठ: मालवणात असतो. होमस्टेंचे फोटो काढतो, वेबसाइट बनवतो. शिवाय पुण्यातल्या एका एजन्सीचं डिझाइन. काम संपलं की बिल, अशी आजवरची पद्धत. एका होमस्टेवाल्या काकूंना एप्रिलात 18 हजारांचं बिल दिलं, त्याला आता उत्तर आलंय, "गणपती झाले की बघू." पुढच्या वेळी काय करू? ॲपवर खर्च शून्य.

चिरेखाण: आमच्याकडे ॲडव्हान्स हातात पडल्याबिगर जेसीबी चालू होणा नाय. तू कॅमेरो भायेर काढतंसच कित्याक?

देवगडचा_बागायतदार: टॅली घ्या, हिशेबाचं सॉफ्टवेअर. सोबत लेझर प्रिंटर. छापील बिल पाहिलं की माणूस वचकतो.

खाडीकाठ: शून्य म्हटलंय हो.

देवगडचा_बागायतदार: मग प्रिंटर तरी घ्या.

आकडेमोड: कुडाळात हिशेबाची कामं करते. तारीख ठरताना 40 टक्के, कच्ची साइट दाखवली की 40, चालू करण्याआधी 20. बिलावर "लवकरात लवकर" नको, तारीख घाला. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, फुकट होते, ती करून ठेवा. छोट्या उद्योगांच्या 2006 च्या कायद्याने लेखी मुदत ठरली नसेल तर 15 दिवसांत आणि ठरली असली तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे द्यावे लागतात. पुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, दरमहा चक्रवाढीने.

चिरेखाण: चक्रवाढ! उद्या बाजारात त्या काकी समोर दिसल्यार तोंड खय लपवतलो तो?

वेंगुर्लेकर_रिटर्न्स: मी डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, स्वतःच्या नावावर ठेवतो. पैसे नाहीत तर साइट बंद.

आकडेमोड: हे करू नका. डोमेन गिऱ्हाइकाचं. एकदा भांडण लागलं की पुढची चार कामं जातात.

वेंगुर्लेकर_रिटर्न्स: माझी नाही गेली.

तारकर्ली_बोटवाला: 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, पावसात स्कूबाही बंद. तेव्हा कोणाच्या खिशात काय असणार? दिवाळीची गर्दी सरली की किंवा मे महिन्यात मागा, हातात रोख असते. तुम्ही एप्रिलात बिल दिलंत ते बरोबरच, पण मे महिनाभर गप्प का बसलात?

खाडीकाठ: लाज वाटली.

आकडेमोड: एजन्सीला मात्र महिन्याचं बिल 25 तारखेच्या आत पाठवा, नाहीतर पुढच्या महिन्यावर जातं. आणि 30 हजारांचे 27 आले तर घाबरू नका, 10 टक्के टीडीएस, म्हणजे आधीच कापलेला आयकर, असू शकतो. आयकराच्या साइटवर दिसतो, रिटर्न भरलं की हिशेबात येतो.

देवगडचा_बागायतदार: जीएसटी लावता की नाही?

आकडेमोड: सेवेला 20 लाखांपर्यंत नोंदणीच लागत नाही. नोंदणी नसताना बिलात जीएसटी लावायचा नसतो.

चिरेखाण: मी आधीच सांगलंय, ॲडव्हान्स.

खाडीकाठ: सगळ्यांचे आभार. काकूंचा आत्ताच फोन आला. डिसेंबरात माझ्या चुलतभावाचं लग्न आहे, मुंबईची मंडळी येणार. त्यांच्याकडच्या चार खोल्या, दोन रात्री, त्याचे बिलातले 16 हजार धरले. उरलेले 2 हजार गणपतीनंतर. मी हो म्हटलं.

तारकर्ली_बोटवाला: डिसेंबरात? तारखा लिहून घेतल्यात का?

खाडीकाठ: परत फोन करतो.