२००७ ची इंडिगो मरिना: २०२७ ला पुन्हा पासिंग करावं की भंगारात काढावी?

बागायतदार, रत्नागिरी: गाडी टाटाची, मागे लांब डिकी असलेली स्टेशन वॅगन; सेकंडहँड घेतलेली, १.४ टर्बो डिझेल. २०२२ ला पंधरा वर्षं भरली तेव्हा आरसी (नोंदणी) पाच वर्षांनी वाढवून घेतली. आता घरचे म्हणतात, काढून टाक. मला अजिबात पटत नाही. मागची सीट पाडली की हापूसच्या पेट्या सपाट बसतात, वर कॅरियर नको की ताडपत्री नको. उंच एसयूव्हीत तीच पेटी छातीपर्यंत उचलावी लागते. इंजिन, क्लचचं बरंचसं सामान टाटाच्याच इंडिकाचं, तालुक्याच्या गावातही मिळतं. आणि बदल्यात घ्यायचं काय? मारुतीने तर एप्रिल २०२० पासून डिझेल बंदच केलं.

पुणे३८: पुढच्या अर्ध्या गाडीचं सामान मिळेल हो. डिकीचा दरवाजा, त्याची काच फुटली तर? ते इंडिकाचं चालत नाही. शिवाय २० वर्षांपुढच्या गाडीची नूतनीकरण फी केंद्राने ऑगस्ट २०२५ मध्ये १०,००० केली. वर ग्रीन टॅक्स वेगळाच.

बागायतदार: पाच वर्षांचे १०,००० म्हणजे वर्षाला २,०००. नव्या गाडीचा एक हप्ता त्याहून मोठा असतो.

श्वास: पैशांचं सोडा, धुराचं बोला. तुमची गाडी बीएस-६ या २०२० च्या धूर-नियमांच्या कितीतरी आधीची, काजळी अडवणारा फिल्टर तिला नाहीच. आता पंपावर कमी गंधकाचं डिझेल मिळतं, तरी काजळी बाहेर पडतेच. ‘पीयूसी आहे’ असं सांगू नका. डिझेलच्या पीयूसीत फक्त धुराची घनता बघतात, नायट्रोजन ऑक्साइड मोजतच नाहीत. शाळेसमोरून जाताना त्या मुलांनी काय करायचं?

गॅरेजवाला: दोघांनी आधी गाडी रॅम्पवर चढवून बघा, मग भांडा. कोकणातली गाडी इंजिनाआधी पत्र्याने जाते. मॅट उचलून पायाखालचा पत्रा, स्टेपनीचा खड्डा आणि शॉक-अपचे माउंटिंग स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. स्क्रूड्रायव्हर आत गेला तर वरून कितीही रंग मारा, उपयोग नाही. पत्रा पक्का असेल तर टायमिंग बेल्ट वेळेवर बदला. तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि हेड उघडावं लागतं. आंबा घाट चढून थांबलात की लगेच चावी काढू नका, मिनिटभर इंजिन चालू ठेवा, टर्बो टिकतो.

पुणे३८: पत्रा पक्का निघाला तरी एअरबॅग कुठून आणणार? नव्या गाडीत चालकाची एअरबॅग जुलै २०१९ पासून सक्तीची आहे.

बागायतदार: माझ्या गाडीत नाही, आणि तो मुद्दा मला लागला. यापुढे मुलांना तिच्यातून हायवेला नेणार नाही. श्वास यांच्या धुराच्या मुद्द्यावर माझ्याकडे उत्तर नाही, एवढंच सांगतो की हंगाम सोडला तर ती फारशी चालत नाही. पेट्यांसाठी मात्र ठेवायचीच आहे. पाऊस संपला की रॅम्पवर घेतो.

श्वास: हंगामातच सगळे घाटात असतात, साहेब.